वाढणे : एका क्रियापदाचे दोन अर्थ

आपल्या मराठी भाषेत 'वाढणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. लेकरू वाढते, रोप वाढते, असे आपण म्हणतो. आणि पंगतीत बसलेल्यांना भात वाढा, आमटी वाढा, असेही म्हणतो. व्युत्पत्तीचे जाणकार याविषयी काय म्हणावयाचे ते म्हणोत. आम्हांस मात्र या एका शब्दात घराघरांतले एक साधे सत्य दिसते. कोणीतरी वाढल्यावाचून कोणी वाढत नाही. जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत हे सत्य डोळ्यांना दिसते. परंतु जे बालक अद्याप जन्मलेच नाही, मातेच्या उदरातील काळोखात ज्याची हाडे आकार घेत आहेत, त्याला कोण वाढते? आणि त्याच्या ताटात कमी पडले, तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा? या प्रश्नाचा थोडा विचार वाचकांसमवेत करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

विचाराचा प्रारंभ आपण आपल्या परसातूनच करू. सावंतवाडीच्या आसपासच्या वाड्यांतून ज्यांच्या घरी शेळी आहे, त्यांना पुढील दृश्य परिचयाचे असेल. शेळी व्याली की बहुधा दोन करडे होतात. एक थोड्याच वेळात धडपडत उभे राहते आणि आचळ शोधू लागते. दुसरे कधीकधी अगदीच लहानखुरे निघते. अंगाच्या मानाने डोके मोठे, पाय काटकुळे, छाती बारीक. घरची बाई त्याला गोणपाटात गुंडाळते, चुलीच्या उबेला ठेवते, बोटाने दूध चाटविते. तिच्या त्या मायेने ते पुष्कळदा जगतेही. परंतु वर्षभराने त्याला भावंडाशेजारी उभे केले, तर उणेपणा बरेचदा दिसतोच. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची 'कोकण कन्याळ' ही शेळी आज देशातील नोंदणीकृत जातींत गणली जाते. काळ्या अंगाची, तोंडावर दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे मिरविणारी ही शेळी आपल्याकडील मुसळधार पावसातही तग धरते. पण एवढ्या चिवट जातीतही एक माता, एक वेत, आणि तरी दोन करडे दोन मापांची, असे घडू शकते. मग उणे पडले ते कोठे?

ते गर्भातच पडले, असे शास्त्र सांगते. शेळीचा गर्भकाळ सुमारे 150 दिवसांचा. पहिल्या तीन महिन्यांत अवयवांची मांडणी होते. वजन मात्र बहुतेक शेवटच्या दोन महिन्यांत भरते. ते दिवस चारा आटण्याचे असले, किंवा एका करडाच्या वाट्याला आलेली वार लहान असली, तर रक्तावाटे येणारा शिधा तोकडा पडतो. अशा वेळी गर्भ काय करतो, हा प्रश्न आम्हांस फार विलक्षण वाटतो. तो सर्वच अवयवांना सारखे उपाशी ठेवीत नाही. तो वाटणी करतो.

या वाटणीचा क्रम केंब्रिज येथील जॉन हॅमंड या पशुशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेंढ्यांचा अभ्यास करून मांडला. मिळालेल्या पोषणावर पहिला हक्क मेंदूचा व मज्जासंस्थेचा, त्यानंतर हाडांचा, मग स्नायूंचा, आणि सर्वांत शेवटी चरबीचा. हाडांतही पुन्हा क्रम आहे. डोके आणि पायांच्या खालच्या नळ्या लवकर घडतात, म्हणून त्या पुष्कळशा वाचतात. कंबर आणि कटीचा भाग उशिरा भरतो, म्हणून टंचाईचा मार त्याला अधिक बसतो. लहानखुऱ्या करडाचे डोके मोठे दिसते ते एवढ्याचसाठी. ते मोठे झालेले नसते, राखलेले असते. दुष्काळात शेतकरी अंगावरचे सोने विकतो, पण बियाणे जपून ठेवतो. तसाच हा प्रकार म्हणावा.

गर्भातले हाड पहिल्यापासून हाड नसते. आधी कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचीक पदार्थाचा साचा तयार होतो आणि त्यात पुढे क्षार भरत जाऊन हाड कठीण होते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. तेथे नव्या पेशींच्या रांगा तयार होतात आणि हाड लांबते. पोषण कमी पडले की या रांगांचे काम मंदावते, हाड भरण्याची केंद्रे उशिरा जागी होतात आणि क्षारांचा साठा कमी राहतो. मानवी बालकाच्या शरीरात जन्मसमयी सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातील बहुतेक भाग शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतो. आईच्या आहारात ते नसेल, तर तिच्या स्वतःच्या हाडांतून ते उसने काढले जाते. उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की गर्भारपणी मातेला प्रथिने कमी दिली, तर पिलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांची रचना बदलते आणि पुढे पोटभर अन्न मिळाले तरी हाडांचा दर्जा पूर्ववत होतोच असे नाही.

येथे वाचक म्हणतील, उंची आणि हाडांची जडणघडण ही रक्तातून येते. बापजाद्यांची ठेवण लेकरात उतरते. हे खोटे नाही. परंतु पुरेही नाही. 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. त्यांनी शायर नावाच्या अजस्र घोड्यांचा आणि शेटलंड या बुटक्या तट्टांचा संकर केला. एका गटात माता शायर, पिता शेटलंड. दुसऱ्यात माता शेटलंड, पिता शायर. दोन्ही शिंगरांत दोन्ही घराण्यांचे रक्त निम्मे निम्मे. तरी शायर मातेच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड मातेच्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे भरले, आणि पुढे वाढ पुरी झाल्यावरही दोहोंतील अंतर पूर्णपणे मिटले नाही. बुटक्या मातेच्या उदराने आपल्या मापाचेच लेकरू वाढविले. तसे न करते, तर प्रसूतीत दोघांचाही जीव गेला असता. म्हणजे उदराची ही मर्यादा नेहमीच दुष्ट नसते. पुष्कळदा ते शहाणपण असते. परंतु मर्यादा मातेच्या मापाची असणे निराळे आणि तिच्या उपासमारीची असणे निराळे. पहिली निसर्गाची आहे. दुसरी आपली आहे.

आता परसातून घरात येऊ. 1993 पासून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्या माता अंगाने कृश होत्या. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आश्चर्य असे की ही तूट सर्वांगाने सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव फार कमी भरलेले, आणि त्वचेखालील चरबी मात्र बरीचशी टिकलेली. मेंढ्यांच्या वाटणीत चरबीची पाळी शेवटची, आणि आपल्या बाळांत तीच राखलेली! प्राण्यावरून माणसाचे अनुमान करताना घाई करू नये, हा धडा याच अभ्यासाने दिला.

या अभ्यासातील तीन गोष्टी आम्हांस विशेष मननीय वाटतात. पहिली अशी की बाळाच्या आकाराचा संबंध मातेने किती भात-भाकरी खाल्ली यापेक्षा तिच्या ताटात दूध, पालेभाजी आणि फळे कितीदा आली याच्याशी अधिक दिसला. दुसरी अशी की ज्या मातांना गर्भारपणी अधिक कष्टाची कामे करावी लागली, त्यांची बाळे वजनाने कमी भरली. तिसरी गोष्ट हाडांची. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांची घनता मोजण्यात आली. ज्या मातांनी गर्भारपणी कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते आणि ज्यांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव निघाली. सहा वर्षांपूर्वीचे ताट सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीच्या कण्यात दिसत होते. हा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला. त्याच लेखात आणखी एक नोंद आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. मुलांच्या हाडांचे नाते मातेच्या हाडांशी जितके जुळले, तितकेच ते पित्याच्या हाडांशीही जुळले.

ही हकीकत येथवर वाचून एखाद्या मातेचे मन कातर होईल, याची आम्हांस जाणीव आहे. आपले मूल अशक्त जन्मले ते आपल्याच हयगयीने काय, असा प्रश्न रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला छळेल. म्हणून दोषाचा विचार आता नीट केला पाहिजे.

ज्या हानीला हानी करणारा कोणी दाखविता येत नाही, तिला अन्याय म्हणावे की केवळ दुर्दैव? नीतिशास्त्रातील हा जुना आणि अवघड प्रश्न आहे. भूकंपात घर पडले तर आपण दुर्दैव म्हणतो; सावकाराने घर बळकावले तर अन्याय म्हणतो. गर्भातील उणीव कोणत्या खात्यात मांडावयाची? मातेला दोषी ठरवू पाहावे, तर ती स्वतःच एके काळी कोणाच्या तरी उदरात अर्धपोटी वाढलेली असते. तिची कंबर अरुंद, तिची हाडे बारीक, ती तिच्या आईच्या ताटामुळे; आणि आजीच्याही. अरुंद कटीच्या स्त्रीला प्रसूती अवघड जाते आणि तिच्या उदरात लेकराला जागाही कमी मिळते. अशी ही साखळी मागे मागे जाते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आनंदवर्धन हार्डीकर, डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांची हकीकत सांगितली आहे. हा अभ्यास हाडांचा नव्हता, मधुमेह व चरबी यांविषयीचा होता; पण त्याचा बोध आपल्या विषयाला लागू पडतो. त्या उंदरांच्या पुढील दोन पिढ्यांना पोटभर अन्न दिले, तरी पन्नास पिढ्यांचे उणे पुसले गेले नाही. ज्या ऋणाची सुरुवात पन्नास पिढ्यांमागे आहे, त्याचा गुन्हेगार म्हणून आज एका गर्भवती स्त्रीला उभे करणे हे क्रौर्य नव्हे काय?

मग सर्वच दैवावर सोडावे? तेही नव्हे. आमचे नम्र मत असे की येथे दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. दोष मागे पाहतो. कोणी केले, असे विचारतो. जबाबदारी पुढे पाहते. आता कोणाला करता येईल, असे विचारते. आपल्या आज्यांना हाडांची ही वाटणी ठाऊक नव्हती. सुनेने सर्वांच्या मागाहून जेवावे ही रीत त्यांनी द्वेषाने घातली नाही. त्याही तशाच जेवल्या होत्या. त्यांच्या काळी जे घडले त्याला दुर्दैव म्हणावे. पण आपल्याला ठाऊक झाले आहे. ज्या दिवशी एखाद्या हानीचे कारण कळते आणि ते टाळण्याचे साधन हाताशी येते, त्या दिवसापासून ती हानी दुर्दैव राहत नाही. ती अन्याय होते. ज्ञान झाले की आपण साक्षीदार उरत नाही, पक्षकार होतो.

या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, तेही विसरू नये. मेंढ्या, तट्टे, उंदीर या मुक्या जीवांच्या हाडांवरून आपण हे वाचले. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी शिकविलेले आपण कपाटात ठेवून दिले, तर त्यांचे ऋण दुप्पट होईल.

येथे एका अडचणीला सामोरे गेले पाहिजे. गर्भातच सर्व ठरत असेल, तर पुढे काय करून उपयोग, असे कोणी म्हणेल. आपल्या चितारआळीतील कारागीर लाकडाचा आंबा करतो, केळ करतो. पण झाडाने जेवढे लाकूड दिले तेवढ्यातच त्याला भागवावे लागते. हाडांचे तसे नाही. हाड हे जिवंत आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचाही साधारण दहावा हिस्सा दर वर्षी झिजतो आणि नव्याने भरतो. बालपण आणि विशेषतः किशोरवय हा तर हाडांचा दुसरा सुगीचा काळ. तेव्हा जन्मतः लहान असलेल्या मुलाच्या कपाळी काहीही कायमचे लिहिलेले नाही. आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते: लहान मापाचा देह म्हणजे लहान मोलाचा माणूस नव्हे. आपल्या श्रद्धेप्रमाणे ईश्वराने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्मिले, ते वजनकाट्यावर घालून नव्हे. उणीव दूर करावयाची ती मूल कमी किमतीचे आहे म्हणून नव्हे, तर ते पूर्ण किमतीचे आहे म्हणून.

तरीही वेळेचे महत्त्व आहेच. मुंबईतील झोपडवस्त्यांत 2006 ते 2012 या काळात डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध यांचा खाऊ देऊन पाहिला. सर्व बाळांचा एकत्रित विचार करता वजनात ठळक फरक पडला नाही. परंतु ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने तो खाल्ला, त्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने अधिक भरली. आणि मनाला टोचणारी गोष्ट अशी की लाभ अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांना अधिक झाला. अगदी कृश होत्या त्यांच्या बाळांना तो दिसलाच नाही. जिला सर्वांत अधिक हवे, तिच्यापर्यंत आपले दान पोहोचता पोहोचता उशीर झालेला असतो. डोहाळजेवणाच्या दिवशी सात पदार्थांनी भरलेले ताट पुढे ठेवून चौदा वर्षांच्या मुलीची भूक भागत नाही. गर्भाची काळजी गर्भवतीपासून नव्हे, घरातील शाळकरी मुलीपासून सुरू होते.

आपल्या धर्मपरंपरेला हे तत्त्व अपरिचित नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात उपवासाच्या नियमाची चर्चा करताना वाढत्या वयाच्या मुलांना त्यातून मोकळे ठेवले. कारण त्यांच्या देहाला वाढीसाठी अन्न हवे. उपवासाचे एवढे माहात्म्य मानणाऱ्या त्या साधूनेही वाढीचा हक्क मोठा मानला. गर्भवतीलाही उपवासाचे बंधन नाही, हे आपले धर्मगुरू सांगत आलेच आहेत. परंतु प्रायश्चित्तकाळातील उपवासातून आपण तिला मोकळे केले, आणि वर्षभराच्या न बोललेल्या उपवासात मात्र ठेवले. तो उपवास कोणी पाळावयास सांगितलेला नसतो. तो तव्यावरच्या शेवटच्या तुकडीत असतो, कालवणाच्या तळाशी उरलेल्या रशात असतो. बांगड्याचे मधले तुकडे पुरुषांच्या ताटात आणि डोके-शेपटी घरधनिणीच्या, हे आम्ही आमच्या घरी पाहिले आहे. आणि खरे सांगावयाचे तर मधला तुकडा आम्ही कधी परतही केला नाही. आई सर्वांच्या मागाहून जेवते याचे आम्हांस कौतुकच वाटे. ते कौतुक किती स्वस्त होते, हे फार उशिरा कळले.

आणि उपाय काही फार दूरचा नाही. आपल्या नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, परसातला शेगलाचा पाला, तांबडी भाजी, घरच्या शेळीचे वा गाईचे दूध, यांपैकी पुष्कळसे आपल्या हाताशी आहे. कमी आहे तो क्रम. मेंदूला आधी, मग हाडांना, मग स्नायूंना, असा क्रम अर्धपोटी गर्भालाही ठाऊक असतो. दुबळ्याचे आधी राखावे एवढी समज त्या न जन्मलेल्या जीवात असते. भरल्या घरात आपण तो क्रम का विसरावा? विहिरीवरची घागर नवऱ्याने उचलली, शेतातले ओझे दिराने घेतले, तर त्यांनीही त्या लेकराला वाढलेच, असे आम्ही म्हणू. हाडांत पित्याचा वाटा निम्मा असेल, तर कष्टांत तो निम्मा का नसावा?

बायबलच्या उत्पत्तीच्या ग्रंथात याकोबाची एक गोष्ट आहे. वर्षांच्या वैरानंतर एसाव त्याला भेटतो आणि आता बरोबरच जाऊ या, असे सुचवितो. याकोब त्याला नम्रपणे सांगतो की तू पुढे हो. माझी मुले कोवळी आहेत, कळपातील शेळ्यामेंढ्यांना पाजती पिले आहेत, एका दिवसाच्या घाईनेही ती मरतील. मी त्यांच्या चालीने येईन. मालकाने कळपाला आपल्या चालीने हाकू नये, सर्वांत दुबळ्याच्या चालीने आपण चालावे, हे त्या मेंढपाळाला ठाऊक होते. घराच्या पंगतीलाही हाच न्याय लागू व्हावा.

आज रात्री आपल्या घरी ताटे मांडली जातील तेव्हा, वाचकहो, एवढेच पाहावे की सर्वांत आधी कोणाला वाढले, आणि सर्वांत शेवटी कोण जेवले. तेथून या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.